कमावलेला शब्द

दिवाळीची सुटी लागण्याच्या आधीचा आठवडा होता. आमच्या घरी चकलीच्या भाजणीवर गंभीर चर्चा चालू होती आणि त्या चर्चेतून अंग काढून घ्यावे म्हणून मी धाकट्या कन्येचा गृहपाठ घ्यायला बसलो. ती सातवीत आहे. वहीत वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द लिहा’, आणि खाली पंधरा प्रश्न. म्हटले, चला, हा प्रांत आपला. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून एवढे तरी आलेच पाहिजे.

घोडे बांधण्याची जागा? पागा. नाणी पाडण्याचा कारखाना? टांकसाळ. उसाच्या रसाचा गूळ करण्याची जागा? गुऱ्हाळ. मीठ पिकवण्याची जागा? मिठागर. ती विचारीत होती आणि मी पट्टीच्या गवयासारखा समेवर येत होतो. बाराव्या प्रश्नाला मात्र ताल चुकला.

“कातडी कमावण्याची जागा?”

“टॅनरी,” मी म्हणालो.

“बाबा, मराठीत सांगा ना. तुम्ही मराठीच शिकवता ना?”

हा टोमणा तिने आईकडून उचललेला असावा, कारण त्याच वेळी स्वयंपाकघरातून हसू ऐकू आले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “चर्मालय. लिही, चर्मालय.”

तिने लिहिले. पण पेन्सिल तोंडात धरून एक प्रश्न विचारलाच, “पण बाबा, असं कुणी म्हणतं?”

वाचकहो, एरवी या सदरात एका शब्दाला दीड स्तंभ मिळतो. दिवाळीच्या अंकात संपादक जागेचा पट्टा जरा सैल सोडतात, तेव्हा ही संधी साधून मी त्या एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे. ते उत्तर शोधायला मला आठ दिवस लागले आणि शेवटी ते कोशात सापडले नाही.

सुरुवात टॅनरीपासूनच करू, कारण पहिल्याने तोंडात आला तो शब्द तोच. हा शब्द इंग्रजी खरा, पण मूळचा तिथलाही नव्हे. मध्ययुगीन लॅटिन भाषेत ‘टॅनम’ म्हणजे ओक झाडाची कुटलेली साल. हा शब्द लॅटिनने बहुधा केल्टिक भाषांकडून घेतला असावा; ब्रिटनी प्रांताच्या ब्रेटन भाषेत ‘टान’ म्हणजे ओक. या सालीच्या पाण्यात कातडे मुरवायचे, म्हणून ती क्रिया ‘टॅन’, ती करणारा ‘टॅनर’ आणि जागा ती ‘टॅनरी’. म्हणजे या शब्दात कातडे कुठेच नाही, जनावर नाही, माणूसही नाही. आहे ते एक झाड. इंग्लंडात असेच एक आडनाव आहे, बार्कर. साल सोलणारा किंवा सालीने कातडे कमावणारा तो बार्कर. टॅनर हेही आडनाव आहेच आणि ते मिरवायला कोणी लाजत नाही.

त्या झाडाचा रंगही भाषेत उतरला. ओकच्या सालीत मुरलेल्या कातड्याला पिवळसर तपकिरी छटा येते. तिच्यावरून ‘टॉनी’ हा रंगवाचक शब्द झाला. पुढे उन्हात बसून अंग रापवणाऱ्या गोऱ्या लोकांनी त्या रापण्यालाही ‘टॅन’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे उन्हात रापू नये म्हणून छत्री घेतात. तिकडे रापण्यासाठी समुद्रकाठी पैसे मोजून झोपतात. शब्द एकच, हौस वेगळी.

याचा अर्थ त्या लोकांनी टॅनरीला गावात मानाची जागा दिली, असा मात्र कोणी समजू नये. कच्च्या कातड्याचा वास सगळ्या देशांत सारखाच. जुन्या लंडनच्या टॅनऱ्या शहरात नव्हत्या. थेम्स नदीच्या पलीकडे बर्मंडसी भागात होत्या. मोरोक्को देशातल्या फेज शहरात शतकानुशतके चालत आलेल्या टॅनऱ्या आजही आहेत. तिथे वरच्या सज्जातून खालचे रंगीत हौद पाहायला प्रवासी जातात, तेव्हा त्यांच्या हातात पुदिन्याची डहाळी देतात, नाकाशी धरायला! पण तिथेही त्या जागेचे नाव पाहा, ‘दार दब्बाग’. अरबीत ‘द-ब-ग’ हा कातडे कमावण्याचा धातू आणि ‘दार’ म्हणजे घर. कातडे कमावण्याचे घर. हा ‘घर’ शब्द ध्यानात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता सालीत असे काय असते की ज्याने कुजणारे कातडे टिकाऊ चामडे होते? हे समजायला रसायनशाळेत जाण्याची गरज नाही; स्वयंपाकघर पुरे. कच्चे केळे चावून पाहा, हिरड्याचा तुकडा चघळा, किंवा फार वेळ उकळलेला कोरा चहा घ्या. जीभ आखडते, तोंड कोरडे पडते. ही तुरट चव ज्या द्रव्यामुळे येते त्याला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच ‘टॅन’वरून ‘टॅनिन’ हे नाव दिले. हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून जीभ खरखरीत लागते. कातड्यातल्या प्रथिनांनाही ते तसेच घट्ट धरते. मग ती सहज कुजत नाहीत. म्हणजे तुरट चव लागते तेव्हा आपली जीभच काही क्षण, अगदी थोडीशी, कमावली जात असते. हे मी जेवणाच्या पानावर सांगितले, त्या दिवशी आमच्याकडे कच्च्या केळ्याची भाजी उरली.

आमच्या देशात ओक नाही असे नाही. हिमालयाच्या अंगाला आहे. पण मैदानी मुलखातल्या कारागिराने आपल्या अंगणातली झाडे निवडली. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. आपण ज्या बाभळीला कुंपणाबाहेर ठेवतो आणि जिच्या काट्याखेरीज आपल्याला काही आठवत नाही, तिच्या सालीवर शेकडो वर्षे सगळ्या गावाचे जोडे चालले. मोटेने विहिरीचे पाणी काढीत तेव्हा ती मोटही कमावलेल्या चामड्याची असे. शेतकऱ्याचा आसूड, बैलाच्या वाद्या, तबल्याची पुडी, मृदंगाची पाने, घोड्याचे खोगीर, सगळे कातड्याचे. गाव ज्याच्यावाचून एक दिवस चालत नव्हते त्याला गावाबाहेर ठेवण्याची किमया आपण केली.

झाडांच्या सालींचा काढा म्हणताच मराठीच्या मास्तराला संस्कृतातला एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. तो शब्द म्हणजे ‘कषाय’. कषाय म्हणजे तुरट चव; कषाय म्हणजे झाडाच्या सालीपाल्याचा काढा; आणि त्या काढ्यात बुडवून जो तांबूस तपकिरी रंग चढतो तोही कषाय. त्या रंगाचे वस्त्र ते काषाय वस्त्र, म्हणजे संन्याशाचे, भिक्षूचे वस्त्र. बौद्ध भिक्षूंनी चीवर कशाने रंगवावे याचे नियम विनयपिटकात दिले आहेत. मुळे, लाकूड, साल, पाने, फुले आणि फळे यांपासून काढलेले रंग त्यांना चालत. इंग्रजीत ओकच्या सालीवरून ‘टॉनी’ रंग आला आणि आपल्याकडे सालीच्या काढ्यावरून ‘काषाय’ रंग आला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

पण पुढे वाटा फुटल्या. त्याच जातीच्या काढ्यात एकाने वस्त्र बुडवले, त्याच्या आपण पाया पडलो. दुसऱ्याने कातडे बुडवले, त्याची सावली टाळली. काढ्याचा यात काय दोष?

आता आपल्या मुख्य क्रियापदाकडे वळू. कातडे ‘कमावतात’. हिंदीतही चमडा ‘कमाना’च म्हणतात. हे क्रियापद आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्याकडे पाहतच नाही. मुलगा कमावता झाला म्हणजे लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वधारतो. पैलवान शरीर कमावतो. गवई आवाज कमावतो. ‘कमावलेला आवाज’ हे आपल्याकडे गाण्याचे मोठे प्रशस्तिपत्र आहे. कुंभार माती कमावतो, शेतकरी जमीन कमावतो आणि माणसे नाव कमावतात. या सगळ्यांच्या पंक्तीला कातडे बसले आहे, तेही पाटावर.

या शब्दाचे कुळ पाहिले तर ते फारच मोठे निघते. संस्कृत ‘कर्म’, त्याचे प्राकृत ‘कम्म’, त्यापासून आपले ‘काम’ आणि त्याच घराण्यातली ‘कमाई’ व ‘कमावणे’. कर्म करून एखादी वस्तू आहे त्याहून वरच्या पायरीला नेणे, ते कमावणे. पैसा मिळणे हा त्यातला एक अर्थ झाला; मूळचा अर्थ कष्ट करण्याचा आहे. गीतेच्या प्रवचनात ‘कर्म’ ऐकून माना डोलावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल की त्या शब्दाचा अगदी सख्खा नातू गावाबाहेर चुन्याच्या हौदापाशी उभा आहे?

जर्मन लोकांची मला या बाबतीत गंमत वाटते. त्यांच्या भाषेत कातडे कमावण्याला ‘गेर्बेन’ म्हणतात. त्याचा जुना अर्थ ‘तयार करणे, सिद्ध करणे’. त्यांनीही झाडाकडे वा जनावराकडे पाहिले नाही, कामाकडे पाहिले. आपले कमावणे आणि त्यांचे गेर्बेन ही दोन भावंडे नव्हेत, पण स्वभावाने सारखी निघाली. त्यांनी मात्र त्या क्रियापदावरून जागेलाही नाव दिले, ‘गेर्बेराय’. आपण ‘कमावणे’वरून जागेचे नाव केले नाही.

हीच गोष्ट मला खटकू लागली. मराठी ही काही जागांना नावे देण्यात कंजूष भाषा नव्हे. टंकशालेची टांकसाळ केली, गुळाच्या शाळेचे गुऱ्हाळ केले. तेल्याचा घाणा, कुंभाराचा आवा, लोहाराची भट्टी, विणकराचा माग, हे शब्द साधनाचे आणि जागेचेही. फारसीतला ‘खाना’ घेऊन कारखाना, तोफखाना, दवाखाना असे पन्नास शब्द पाडले. मग कातडे कमावण्याच्या जागेलाच बोलीत नाव का नसावे?

नाव नव्हते असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. नाव होते, पण ते कामाचे नव्हते. ‘चर्मकार’ या संस्कृत शब्दापासून झीज होत होत ‘चांभार’ झाला, म्हणजे चामड्याचे काम करणारा. शब्द निर्मळ आहे. सुवर्णकाराचा सोनार झाला तसाच. पण सोनार हे नाव उच्चारताना आपला आवाज बदलत नाही. कातडे कमावण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजाकडे असे. हा समाज आपले नाते बाराव्या शतकातल्या संत कक्कय्यांशी सांगतो. बसवेश्वरांच्या मांडीला मांडी लावून कल्याण नगरीत बसणारे हे शरण. पण गावाने त्यांच्या वस्तीला काय म्हटले? ढोर गल्ली, चांभारवाडा. इंग्रजाने जागेला झाडाचे नाव दिले, अरबाने आणि जर्मनाने कामाचे दिले आणि आम्ही जागेला जातीचे नाव दिले. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणजे गावाच्या लक्षात यायला शतके लागली.

मग ‘चर्मालय’ आले कुठून? हा शब्द बोलीने घडवलेला नाही; तो आश्रमातून आला. गांधीजींनी गोसेवेच्या विचारात कातड्याच्या कामाला मोठे स्थान दिले होते. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, खत, काहीही वाया जाऊ नये आणि हे काम करणाऱ्याला कमीपणा वाटू नये, हा त्यांचा आग्रह. १९३४ मध्ये त्यांनी ‘हरिजन’ पत्रात खेड्यातल्या या धंद्यावर लिहिले. साबरमतीला चर्मालय निघाले होतेच. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात चर्मालय चालवले. कोकणात कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला. प्राध्यापकी सोडून आलेला हा माणूस मेलेल्या जनावराचे कातडे स्वतः सोडवी. कोकणचे गांधी म्हणत त्यांना. १९७१ मध्ये ते गेले.

या मंडळींनी ‘आलय’ हे पद निवडले ते विचारपूर्वक. आलय म्हणजे राहण्याचे, स्थिरावण्याचे ठिकाण. विद्यालय, वाचनालय, देवालय यांच्या रांगेत त्यांना ही जागा बसवायची होती. हेतू थोरच होता. पण नुसत्या प्रत्ययाने प्रतिष्ठा मिळत नाही, याचे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. आपण ‘शौचालय’ म्हणू लागलो. तिथे राबणाऱ्या माणसाला त्याने किती मान मिळाला?

याच काळात दुसरीकडून एक वेगळा आवाज उठत होता. डॉ. आंबेडकर १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून आपल्या माणसांना सांगत होते की मृतमांस खाणे सोडा, मेलेली ढोरे ओढण्याची रूढी सोडा. एकाला काम पवित्र करायचे होते. दुसऱ्याला त्या कामाच्या सक्तीतून माणूस सोडवायचा होता. शब्दांच्या अभ्यासकाला यात निवाडा करण्याचा अधिकार नाही. पण एवढे त्याला दिसते की ‘चर्मालय’ हा शब्द ज्यांनी दिला ते बाहेरून तिथे आले होते, आणि ज्यांचा जन्म तिथला होता ते बाहेर पडण्याची वाट शोधत होते. जो शब्द घरात जन्मत नाही तो घरात रुळत नाही. मुंबईच्या धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालला. तिथे कामगारांच्या तोंडी ‘टॅनरी’ रुळली, ‘चर्मालय’ नाही. पुढे १९७१ मध्ये कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला आणि टॅनऱ्याही हळूहळू धारावीतून उठल्या.

तोवर टॅनरीतली ‘टॅन’सुद्धा बहुतेक ठिकाणांहून गेली होती. ऑगस्टस शुल्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. सालीच्या पाण्यात महिनोन्महिने मुरणारे कातडे आता दिवसा-दोन दिवसांत तयार होऊ लागले, तेही निळसर रंगाचे. साल गेली, रंग गेला. झाडाचे नाव तेवढे पाटीवर राहिले.

एवढी सामग्री गोळा करून मी वर्गात गेलो आणि शब्दसिद्धी शिकवताना मोठ्या उत्साहाने ‘चर्मालय’ फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभरात तो स्वतःहून कधी बोलला नव्हता.

“सर, आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही.”

माझ्या कन्येचा प्रश्न त्याने उत्तर होऊन माझ्यापुढे ठेवला. “मग काय म्हणतात?” मी विचारले.

वर्गात कोणीतरी हसले. तो तसाच उभा राहिला. म्हणाला, “येऊन बघा की सर. आजोबा सांगतील.”

रविवारी मी गेलो. वस्ती शहराच्या कडेला. पुढच्या खोलीत त्याचे वडील कोल्हापुरी चपलांचे तळ शिवत बसले होते. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा कागद भिंतीवर असेल अशी माझी कल्पना होती; भिंतीवर मुलाच्या बारावीच्या निकालाचा कागद होता. आजोबा मागच्या अंगणात होते. वय ऐंशीच्या पुढचे. “या की मास्तर, बसा,” म्हणाले आणि बाजेवरचे पांघरूण स्वतः झटकले.

आता घरी कातडे कमावणे जवळजवळ थांबले आहे. तयार माल बाहेरून येतो. तरी हाताला सवय राहावी म्हणून वर्षातून एखादे कातडे ते घालतात. त्यांनी सगळे सांगितले. कातडे आधी पाण्यात भिजवायचे, मग चुन्यात टाकायचे. केस सुटले की दोन्ही अंगांनी तासायचे. चुना निघेपर्यंत धुवायचे. मग कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरायचे. पाणी पाझरून खालच्या भांड्यात पडते, ते उचलून पुन्हा वर ओतायचे. दिवसातून कितीदा? “जितक्यांदा भरंल तितक्यांदा. रातीला सुदिक उटायला लागतंय. तान्ह्या पोरागत असतंय ते.”

पिशवी आडूला टांगलेली होती. थेंब पडत होते. मी अभावितपणे रुमालाकडे हात नेला आणि लाजून परत घेतला. ते त्यांनी पाहिले असावे, बोलले नाहीत. त्यांचे तळवे मात्र मला दिसले. साठ-सत्तर वर्षे सालीच्या पाण्यात बुडलेले ते तळवे तांबूस तपकिरी झाले होते. तो रंग मी ओळखला. आठ दिवस मी कोशात तोच शोधत होतो.

“आजोबा,” मी विचारले, “या जागेला तुम्ही काय म्हणता?”

“कंच्या जागंला?”

“ही, जिथे कातडे कमावतात ती.”

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. “घर म्हंतो की. दुसरं काय म्हनायचं?” मग पिशवीत एक तांब्या ओतून ते म्हणाले, “जागंला कुनी नाव ठिवलं न्हाई, मास्तर. नावं ठिवली ती आमाला.”

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे. एका मात्रेचा फरक. हा फरक मी वीस वर्षे वाक्प्रचार म्हणून शिकवत आलो आहे. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. नातू शेजारीच उभा होता. वर्गात हसले तेव्हा त्याने मान खाली घातली नव्हती, ते मला आता आठवले. ‘चर्मालय’ हा शब्द चुकीचा आहे असे त्याला म्हणायचे नव्हते. त्याला एवढेच म्हणायचे होते की सर, तुम्ही ज्या जागेला शब्द शोधताय तिथे आम्ही जेवतो, झोपतो आणि अभ्यास करतो.

निघताना मी चपलांचा एक जोड मागितला. वडिलांनी माप घेतले, पाडव्याला या म्हणाले. किमतीत एक रुपया कमी केला नाही आणि मला ते फार बरे वाटले. कमावलेल्या वस्तूची घासाघीस करू नये.

घरी येऊन सगळी हकीकत कन्येला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग वही उघडून बाराव्या प्रश्नापुढे, ‘चर्मालय’ लिहिले होते तिथे, तिने आडवी रेघ ओढून आणखी एक शब्द लिहिला, ‘घर’. मी तिला काही सांगितले नव्हते.

सुटीच्या आदल्या दिवशी वही तपासून परत आली. ‘चर्मालय’पुढे बरोबरची खूण होती. ‘घर’पुढे बाईंनी तांबड्या शाईने मोठे प्रश्नचिन्ह काढले होते.

“बाबा, खोडू का हे?” तिने विचारले.

मी म्हणालो, “राहू दे. बाईंनी विचारलं तर सगळं सांग.”